बुसांगचे सोने

दसऱ्याच्या संध्याकाळी आपण एकमेकांच्या हातावर आपट्याची पाने ठेवतो आणि 'सोने घ्या' म्हणतो. देणाऱ्याला ठाऊक असते की हे पान आहे, घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते; म्हणूनच या व्यवहारात आजवर कोणी बुडालेला नाही. दुसऱ्या दिवशी ती पाने केराबरोबर जातात आणि त्यांच्यासाठी कोणी हळहळत नाही. पण समजा, उद्या एखाद्या गावाने त्या पानांना खरोखरीच सोने मानले, पानाला भाव फुटला, काल रुपयाला घेतलेल्या पानाचे आज दहा रुपये येऊ लागले, तर? पहिल्या दिवशी लोक हसतील. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने पाने विकून नवी मोटार आणलेली पाहून थोडे गप्प होतील. आणि तिसऱ्या दिवशी झाडाखाली रांग लागेल!

ही केवळ कल्पना नव्हे. १९९३ ते १९९७ या चार वर्षांत कॅनडासारख्या शिकलेल्या, हिशेबी देशात हेच घडले. फरक एवढाच की पाने आपट्याची नव्हती, शेअर-सर्टिफिकिटाची होती. आणि ज्या झाडाची ती म्हणून सांगितली जात होती, ते झाड हजारो मैलांवर, बोर्निओ बेटाच्या जंगलात होते.

ती हकिकत आजच सांगण्याचे कारण असे, की सोन्याने सध्या भल्याभल्यांची झोप उडवली आहे. २०२५ साली आपल्याकडे दहा ग्रॅमच्या भावाने लाखाची पायरी ओलांडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जागतिक बाजारात औंसाला चार हजार डॉलरांच्या वर भाव गेला. मध्यमवर्गीय गृहस्थाला पाटल्या सोडाच, वेढणीसुद्धा जड वाटू लागली. अशा वेळी कानाशी कोणीतरी कुजबुजते, 'सोने घेता कशाला? सोने शोधणाऱ्या कंपनीचे शेअर घ्या. सोने दुप्पट होईल तेव्हा हे वीसपट होतील!' पूर्वी अशी कुजबुज टोरांटो-व्हँकुव्हरच्या बाजारापुरती होती. आता रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरांपर्यंत रक्कम परदेशी नेता येते, आणि परदेशी शेअर घेण्याची सोय खिशातल्या फोनवर आली आहे. तेव्हा बोर्निओचे जंगल आता पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यापासून फारसे लांब राहिलेले नाही.

आमच्या कॉलेजातून नुकतेच निवृत्त झालेले एक सहकारी आहेत. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हातात आलेली, मुलगा टोरांटोत. मुलाच्या कचेरीतल्या कोणी तरी अशाच एका कंपनीचे नाव सांगितले आणि आमच्या या स्नेह्यांनी ते मनावर घेतले. 'अहो, मोठमोठ्या पेन्शन फंडांनी तिच्यात पैसे घातलेत. ती माणसे काय वेडी आहेत?' असे ते मला म्हणाले. मी मराठी शिकवणारा माणूस. मी काय उत्तर देणार? उत्तर दिले ते चहा घेऊन आलेल्या वहिनींनी. 'मागे मी आईची मोडकी बांगडी सराफाकडे नेली, तर मला तीस वर्षे ओळखणाऱ्या त्या माणसाने आधी ती दगडावर घासून बघितली. तुमच्या या कंपनीचे सोने कोणी घासून बघितलेय का?'

वहिनींचा प्रश्न साधा होता. परंतु १९९६ साली हा एक प्रश्न कॅनडात वेळेवर विचारला गेला असता, तर अब्जावधी डॉलर वाचले असते.

पाणाड्या आणि बोअर

आधी या कंपन्यांची जात समजून घेऊ. खाणधंद्यात त्यांना 'ज्युनिअर' म्हणतात. ज्युनिअर कंपनीकडे खाण नसते. सोने नसते. उत्पन्न तर नसतेच नसते. असतो तो एखाद्या ओसाड माळाचा किंवा जंगलाचा तुकडा खणून बघण्याचा परवाना, दोन-चार भूवैज्ञानिक आणि एक उत्साही अध्यक्ष. शेअर विकून पैसा उभा करायचा, त्या पैशातून जमिनीत बोअर मारायचे आणि काय निघते ते बघायचे, एवढाच तिचा धंदा.

आपल्या खेड्यांतल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, 'इथे मारा बोअर.' शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो. पाणी लागले तर पाणाड्याचे नाव होते. कोरडी गेली तर पाणाड्याची दक्षिणा काही परत येत नाही. ज्युनिअर कंपनीचा भूवैज्ञानिक पाणाड्याहून कितीतरी शास्त्रशुद्ध असतो, हे खरे. पण पैशाची वाट तीच. बोअर कोरडी गेली तरी पगार, भाडे आणि जाहिरात चुकत नाही.

पैसा संपला की कंपनी नवे शेअर काढते. ताकात पाणी घालावे तसा मग जुन्या भागीदाराचा हिस्सा पातळ होत जातो. कालपर्यंत ज्याच्याकडे कंपनीचा शंभरावा भाग होता, त्याच्याकडे एकही शेअर न विकता तीनशेवा भाग उरतो. आणि समजा, सोने खरोखरच लागले, तरी लगेच विटा ओतल्या जातात असे नाही. साठा मोजणे, परवाने, पर्यावरणाची मंजुरी, रस्ता, वीज, पाणी, कारखाना यांत दहा ते वीस वर्षे सहज जातात. बहुतेक ज्युनिअर कंपन्यांची मनीषाही खाण चालवण्याची नसते. सोने दाखवायचे आणि एखाद्या बड्या कंपनीला जागा विकून मोकळे व्हायचे, हाच त्यांचा मार्ग.

याचा अर्थ असा की ज्युनिअर कंपनीचा खरा माल सोने हा नव्हे. तिचा माल बातमी. अमुक खोलीवर टनाला इतके ग्रॅम सोने लागले, ही बातमी आली की शेअर चढतो. न आली की उतरतो. मग ज्या दुकानात बातमी विकली जाते, तिथे तराजूही बातमीचाच पाहिजे. तो कोणाच्या हातात आहे, हा पहिला प्रश्न.

जंगलातला चमत्कार

डेव्हिड वॉल्श हा कॅलगरीतला एक शेअरदलाल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने ब्री-एक्स मिनरल्स ही कंपनी काढली आणि अल्बर्टाच्या छोट्या शेअरबाजारात तिची नोंदणी केली. काही काळ हिऱ्यांचा शोध झाला. हाती काही लागले नाही. १९९२ साली वॉल्शने स्वतःची दिवाळखोरी जाहीर केली. ब्री-एक्सचा शेअर काही सेंटांना मिळत होता आणि तोही कोणी घेत नव्हते.

१९९३ साली वॉल्श उरलासुरला पैसा घेऊन इंडोनेशियात गेला आणि जॉन फेल्डरहॉफ या भूवैज्ञानिकाला भेटला. फेल्डरहॉफ हा काही ऐरागैरा नव्हे. १९६८ साली पापुआ न्यू गिनीतल्या ओक टेडी येथील तांब्या-सोन्याच्या प्रचंड साठ्याच्या शोधात त्याचा वाटा होता. त्याने बोर्निओतल्या पूर्व कालिमंतान प्रांतातली बुसांग नावाची जागा सुचवली. एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तिथे पूर्वी बोअर मारून नाद सोडून दिला होता. ब्री-एक्सने ती जागा ऐंशी हजार अमेरिकन डॉलरांच्या आसपास रक्कम देऊन घेतली आणि प्रत्यक्ष कामावर मायकेल डी गुझमन या फिलिपिनो भूवैज्ञानिकाला नेमले.

पहिल्या दोन बोअरांत काही निघाले नाही. काम बंद करण्याची वेळ आली होती. आणि मग एकाएकी पुढच्या बोअरांत सोने दिसू लागले! तेही थोडेथोडके नव्हे. जिथे मारावी तिथे बोअर सोन्याची. १९९५ च्या अखेरीस कंपनीने तीन कोटी औंसांचा साठा जाहीर केला. १९९६ च्या अखेरीस पाच कोटी सत्तर लाखांचा. १९९७ च्या फेब्रुवारीत सात कोटी दहा लाखांचा. फेल्डरहॉफ तर वीस कोटी औंसांची गोष्ट बोलू लागला. आपल्या मापात सांगायचे तर सात कोटी दहा लाख औंस म्हणजे बावीसशे टनांहून अधिक. आपल्या कोलारच्या प्रख्यात खाणींनी सुमारे एकशेवीस वर्षांत मिळून जे सोने दिले, ते आठशे टनांच्या घरात भरते. म्हणजे अडीच कोलारांहून जास्त सोने एका टेकडीखाली!

शेअर आभाळाला टेकला. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्री-एक्स टोरांटोच्या मुख्य बाजारात दाखल झाली. मे महिन्यात एका शेअरचे दहा करण्यात आले, आणि त्यानंतरही त्या एकेका शेअरला २८ डॉलरांच्या वर भाव मिळाला. जुन्या हिशेबाने २८६ डॉलरांहून अधिक. कालची दिवाळखोराची कंपनी आज सहाशे कोटी कॅनेडियन डॉलरांची झाली. बॅरिक आणि प्लेसर डोम या बड्या खाणकंपन्या बुसांगसाठी आपापसांत झुंजू लागल्या. अध्यक्ष सुहार्तो यांच्या गोटातली मंडळी वाटा मागायला पुढे सरसावली. अखेर १९९७ च्या फेब्रुवारीत वाटणी ठरली: ब्री-एक्सला ४५ टक्के, सुहार्तोंच्या निकटवर्तीयांच्या कंपन्यांना ३०, फ्रीपोर्ट-मॅकमोरॅन या अमेरिकन कंपनीला १५ आणि इंडोनेशियन सरकारला १० टक्के. सोन्याचा कण न कण वाटून झाला. तो जमिनीत आहे की नाही, एवढेच बघायचे राहिले होते.

अर्धा दांडा

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. या धंद्यात सोने 'घासून बघतात' कसे?

बोअर मारताना यंत्र जमिनीतून दगडाचा लांबच लांब गोल दांडा बाहेर काढते. त्याला कोअर म्हणतात. तो ओळीने पेट्यांत मांडतात. रीत अशी की हा दांडा करवतीने उभा चिरायचा. एक अर्धा भाग दळून प्रयोगशाळेत पाठवायचा. दुसरा अर्धा पेटीत जपून ठेवायचा. हेतू उघड आहे. उद्या कोणी शंका घेतली, तर उरलेला अर्धा दांडा साक्षीला उभा राहील. कोणीही यावे, दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यावा, तपासावा. सराफाच्या हातातला कसोटीचा दगड तो हाच.

बुसांगला हा दांडा चिरत नसत. दहा सेंटिमीटरचा तुकडा नमुन्यादाखल ठेवून बाकीचा सगळा दांडा दळून टाकीत. कारण असे सांगितले जाई, की येथले सोने जाड कणांचे आहे, सगळीकडे सारखे पसरलेले नाही. अर्धाच दांडा तपासला तर हिशेब चुकेल. ऐकणाऱ्याला हे कारण फार शास्त्रीय वाटे. पण त्याचा परिणाम काय झाला? साक्षीदारच नाहीसा झाला. दगडाची पोती जंगलातून किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत जात. प्रयोगशाळा प्रामाणिक होती. पोत्यात जे होते ते तिने मोजले. ते आकडे एका नामांकित अभियांत्रिकी कंपनीकडे गेले. तिने प्रामाणिकपणे त्यांचा गुणाकार केला. तो गुणाकार दलालांच्या तज्ज्ञांनी प्रामाणिकपणे छापला. तो वाचून पेन्शन फंडांनी पैसे घातले. या लांबलचक साखळीतला प्रत्येक जण मागच्यावर विसंबला होता, आणि सगळे मिळून त्या पोत्यावर विसंबले होते. पोते कोणी उघडले होते का, हे कोणीच विचारले नाही.

पोत्यात बाहेरचे सोने मिसळण्यात येत होते. खाणवाले या लबाडीला 'मीठ टाकणे' म्हणतात. आपण गोष्टीला तिखटमीठ लावतो, तसे हे दगडाला! मिसळलेले सोने नदीतले होते, म्हणजे आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरची माती धुऊन कण काढतात, तसे स्थानिक लोक नदीची वाळू धुऊन काढतात, त्या जातीचे. नदीचे सोने वाहून वाहून गोटा झालेले असते. त्याच्या कडा गुळगुळीत असतात. खडकातल्या सोन्याच्या कडा तीक्ष्ण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक स्पष्ट दिसतो. बुसांगच्या कणांच्या कडा गोल होत्या, हेही नजरेला आले होते. पण ज्याला सोने बघायचे असते, त्याला कडा दिसत नाहीत.

एका आठवड्यात

फ्रीपोर्टने मात्र पैसा देण्यापूर्वी घासून बघायचे ठरवले. त्यांच्या माणसांनी बुसांगला जाऊन ब्री-एक्सच्या जुन्या बोअरांच्या अगदी शेजारी नव्या बोअर मारल्या आणि नमुने आपल्या ताब्यात ठेवले. त्यांत सोने सापडेना. खुलाशासाठी डी गुझमनला बोलावण्यात आले. १९ मार्च १९९७ रोजी बुसांगकडे जाताना तो हेलिकॉप्टरमधून खाली जंगलात पडला. चार दिवसांनी देह मिळाला. आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. शंका आजही घेतल्या जातात. त्याआधी जानेवारीतच बुसांगच्या छावणीत आग लागून कागदपत्रे जळाली होती.

२६ मार्चला फ्रीपोर्टने जाहीर केले, की आपल्याला सोने नगण्य सापडले. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच पंधरा डॉलरांच्या वर असलेला शेअर अर्ध्या तासात अडीच डॉलरांवर आला. विकणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की टोरांटोच्या बाजाराचे संगणक थकले. मग ग्रॅहॅम फार्कहारसन यांच्या स्ट्रॅथकोना या सल्लागार कंपनीला स्वतंत्र तपासणी सोपवण्यात आली. मेच्या सुरुवातीला तिचा अहवाल आला: बुसांगला फायद्याचे सोने नाही, आणि नमुन्यांतली ही हेराफेरी इतकी मोठी आणि इतकी दीर्घकाळ चाललेली, की खाणींच्या इतिहासात तिला तोड नाही. शेअर काही सेंटांवर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्री-एक्सचे दिवाळे निघाले.

आमच्या स्नेह्यांनी विचारले होते, पेन्शन फंड काय वेडे आहेत? ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने ब्री-एक्समध्ये सुमारे दहा कोटी डॉलर घालवले; क्वीबेकच्या सार्वजनिक निधीने सुमारे सात कोटी; ओंटारिओच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या फंडाने साडेचार कोटी. ती माणसे वेडी नव्हती. त्यांच्याकडे पगारी तज्ज्ञ होते, संगणक होते, वकील होते. नव्हता तो अर्धा दांडा. तरीही फंड टिकले, कारण त्यांच्या अवाढव्य भांडवलात हा तोटा म्हणजे समुद्रातून उपसलेली घागर. घरगुती माणसाकडे समुद्र नसतो; त्याच्याकडे घागरच असते. अल्बर्टातल्या सेंट पॉल नावाच्या छोट्या गावात शेजाऱ्याचे पाहून शेजाऱ्याने हे शेअर घेतले होते. शेअर वर होता तोवर त्या गावात हिशेबाने कितीतरी लक्षाधीश होते. ज्यांनी वेळेवर विकले त्यांची घरे झाली. ज्यांनी घर गहाण टाकून घेतले होते त्यांची गेली.

आणि शिक्षा कोणाला? वॉल्श १९९८ साली बहामात वारला. फेल्डरहॉफवर आतल्या माहितीचा फायदा घेऊन शेअर विकल्याचा खटला चालला. २००७ साली ओंटारिओच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. पोत्यात सोने टाकल्याबद्दल कोणालाही तुरुंगवास झाला नाही. भागीदारांचे दावे वर्षानुवर्षे रखडले आणि वकिलांची बिले फिटेपर्यंत वाटण्याजोगे फारसे उरले नाही. पोलीस आणि कोर्ट नंतर येतात. पैसा आधी जातो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सगळेच चोर नव्हेत

एवढे वाचून कोणी म्हणेल, या कंपन्या म्हणजे निव्वळ ठकबाजी. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅनडातच, ओंटारिओत हेम्लो नावाचे ठिकाण आहे. १९८१ साली कोरोना या ज्युनिअर कंपनीसाठी डेव्हिड बेल हा भूवैज्ञानिक तिथे बोअर मारीत होता. पंचाहत्तर बोअर झाल्या. मनासारखे काही लागेना. शहात्तराव्या बोअरमध्ये खरी शीर लागली. हेम्लोने पुढे दोन कोटी औंसांहून अधिक सोने दिले. त्या सोन्यासाठी एका बड्या कंपनीशी कोर्टात झगडावे लागले, आणि १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाच्या बाजूने निकाल दिला. पण विचार करा: चाळिसाव्या, साठाव्या, सत्तराव्या बोअरला ज्याने कंटाळून शेअर विकला असेल, तो मूर्ख होता काय? सत्तर कोरड्या बोअरींनंतर थांबणे हाच शहाणपणा असतो. शहात्तरावी कोणती, हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसते.

आपल्या देशातही हा खेळ फार पूर्वी रंगून गेला आहे. १८८० च्या सुमारास निलगिरीच्या पश्चिमेला वायनाडात सोने असल्याची आवई लंडनला उठली आणि बघता बघता तिथल्या बाजारात डझनावारी कंपन्या निघाल्या. कॉफीचे मळे खाणी म्हणून विकले गेले, यंत्रे बैलगाड्यांतून डोंगरात चढवली गेली, आणि थोड्याच वर्षांत सगळे थंडावले. सोने होते, पण खर्च भागण्याइतके नव्हते. त्याच १८८० साली त्याच लंडनच्या बाजारात कोलारसाठी मैसूर गोल्ड मायनिंग कंपनी निघाली. तिचेही भांडवल संपत आले, भागीदार गाशा गुंडाळायला निघाले. जॉन टेलर यांच्या आग्रहाखातर उरलेल्या पैशात आणखी थोडे खणले, आणि कॅप्टन प्लमर याला प्राचीन लोकांच्या जुन्या विवरांखाली चँपियन नावाची ती शीर सापडली, जिच्यावर कोलार २००१ पर्यंत चालले. १८८२ साली दोन्ही कंपन्यांचे कागद समोर ठेवले असते, तर वायनाड कोणता आणि कोलार कोणता, हे शेअर घेणाऱ्याला सांगता आले नसते. तेव्हा फसवणूक टाळली म्हणजे तोटा टळला, असे समजू नये. फसवणूक हा या धंद्याचा रोग आहे. कोरडी बोअर हा त्याचा स्वभाव आहे.

घेण्यापूर्वी विचारा

ब्री-एक्सनंतर कॅनडाने कायदा कडक केला. २००१ पासून तिथल्या बाजारात साठ्याचे आकडे जाहीर करायचे तर पात्रता असलेल्या तज्ज्ञाने नावानिशी जबाबदारी घ्यावी लागते, आणि महत्त्वाच्या प्रसंगी तो तज्ज्ञ कंपनीपासून स्वतंत्र असावा लागतो. हे तांत्रिक अहवाल कोणालाही पाहायला खुले असतात. आपल्याकडे २०२१ पासून दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. हा अहवाल म्हणजे काहीसा तसाच शिक्का. तो वाचताना सामान्य माणसानेही चार-सहा गोष्टी विचाराव्यात.

पहिली: सोने कोणी मोजले, आणि अर्धा दांडा जपून ठेवला आहे काय? नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासले काय?

दुसरी: साठा कोणत्या पायरीचा? अहवालात तीन पायऱ्या असतात: अनुमानित, निर्देशित आणि मापित. अनुमानित म्हणजे चार-दोन बोअरींवरून बांधलेला अंदाज. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा याच पायरीवर बसलेला असतो.

तिसरी: टनाला किती ग्रॅम, आणि किती जाडीच्या थरात? एखाद्या बोअरमध्ये वीतभर जागेत भरपूर सोने लागले, एवढ्याने खाण होत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण स्वयंपाकघरात खरी. सोन्याच्या शेतात ती बुडवते.

चौथी: कंपनीच्या हातात रोकड किती, ती किती महिने पुरेल, आणि तिच्यातून बोअरवर किती व कचेरीवर किती खर्च होतो? रोकड संपत आली असेल तर नवे शेअर निघणार, ताक पातळ होणार, हे धरून चालावे.

पाचवी: आतली माणसे काय करीत आहेत? ब्री-एक्सच्या वरिष्ठांनी १९९६ साली, भाव तेजीत असताना, आपले कोट्यवधी डॉलरांचे शेअर विकले होते. विकणे हा काही गुन्हा नव्हे. पण ज्याने स्वयंपाक केला तोच पानावरून उठून दुसरीकडे जेवायला जात असेल, तर पाहुण्याने थोडे थांबावे.

सहावी: जमीन कोणाच्या राज्यात आहे? परवाना देणारे सरकार तो काढूनही घेऊ शकते. बुसांगला सोने असते, तरीही ब्री-एक्सच्या वाट्याला अर्ध्याहून कमीच येणार होते.

आणि शेवटचा प्रश्न कंपनीला नव्हे, स्वतःला विचारायचा: हा पैसा कोणता? म्हातारपणाचा, आजारपणाचा, मुलांच्या शिक्षणाचा पैसा या वाटेला एक रुपयाही जाता कामा नये. मग कंपनी कितीही बावनकशी असो. सगळी गरज भागून जो पैसा उरतो, जो संपूर्ण बुडाला तरी घरातल्या कोणाच्या ताटातली भाकरी कमी होणार नाही, त्यातला लहानसा भाग ज्याला हौसच आहे त्याने खुशाल चार-सहा कंपन्यांत विभागून घालावा. तो घालताना आपण सोने घेत आहोत असे मात्र समजू नये. आपण एका बोअरचा खर्च उचलत आहोत, आणि बोअर बहुधा कोरडी जाते.

आमच्या स्नेह्यांनी फंडाची रक्कम बँकेत आणि पोस्टात ठेवली आणि मुलाला पत्राने तसे कळवले. त्या कंपनीचा शेअर पुढे चढेल की पडेल, हे मला ठाऊक नाही आणि त्यांनाही नाही. कदाचित ती उद्याची हेम्लोही असेल. पण चढला तरी त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याचे सोने घासून पाहता येत नाही, ते सोने सोडून देणाऱ्याचे नुकसान होत नाही. फार तर एक बातमी त्याच्या घरावरून पुढे जाते.